पडद्यावरची बाई आणि खुर्चीतली बाई

(मंडळाच्या वर्धापनदिनाच्या समारंभात केलेले भाषण)



वर्धापनदिनाला दरवर्षी कुणी डॉक्टरीणबाई येऊन आहारावर बोलतात, कुणी बँकेतल्या बाई बचतीवर बोलतात. यंदा चिटणीसबाई मला म्हणाल्या, "तुम्हीच बोला, सिनेमावर. मंडळात सर्वांत जास्त सिनेमे तुम्ही पाहता." ह्यात कौतुक किती आणि टोमणा किती, ह्याची मी चौकशी केली नाही. बोलायला मिळते आहे हे पुष्कळ झाले.

आधीच सांगून टाकते की मी कुणी समीक्षक नव्हे. कॅमेरा कुठे ठेवावा, प्रकाश कसा टाकावा, ह्यातले मला काही कळत नाही. मी तिकीट काढून खुर्चीत बसणारी बाई आहे. पण मेथीची जुडी हातात घेतल्याबरोबर ती जून की कोवळी हे आपल्याला कळते, त्यासाठी आपल्याला शेती यावी लागत नाही. तसेच सिनेमाचे आहे. आपण पैसे मोजतो, तीन तास देतो, घरी येऊन दोन दिवस त्याच्यावर बोलतो. तेव्हा आपल्या मतालाही काही किंमत आहे, असे मी धरून चालते.

माझी परीक्षा अगदी साधी आहे. कोणताही सिनेमा पाहताना मी मनाशी एकच विचारते: ह्या पडद्यावरच्या बाईचा दिवस कसा जातो? ती सकाळी उठून काय करते, तिच्या हातात पैसे असतात का, तिला एकटीला कुठे जाता येते का, जेवायला ती केव्हा बसते? नट देखणा असो, गाणी गोड असोत, ह्या प्रश्नाचे उत्तर सिनेमात मिळाले नाही तर घरी आल्यावर तो माझ्या लक्षात राहत नाही.

आपल्याकडे सिनेमाची सुरुवात झाली तीच मुळी बाईवाचून. १९१३ साली दादासाहेब फाळक्यांनी 'राजा हरिश्चंद्र' काढला, तेव्हा तारामतीचे काम करायला एकही बाई मिळाली नाही. ते काम अण्णा साळुंके ह्या पुरुषाने केले. पडद्यावर बाई नव्हती, पण पडद्यामागे होती. सरस्वतीबाई फाळके फिल्म धुण्यापासून ते सगळ्या मंडळींच्या स्वयंपाकापर्यंत सारे पाहत. परेश मोकाशी यांचा 'हरिश्चंद्राची फॅक्टरी' हा २००९ सालचा चित्रपट ज्यांनी पाहिला असेल, त्यांना विभावरी देशपांडे यांनी उभी केलेली सरस्वतीबाई आठवत असेल. हसतमुख आहे, पण नवऱ्याच्या वेडाचा हिशेब तिला बरोबर कळतो. पुढे त्याच १९१३ साली 'मोहिनी भस्मासुर' निघाला, तेव्हा दुर्गाबाई कामत आणि त्यांची लेक कमलाबाई ह्या मायलेकी पडद्यावर आल्या. कमलाबाई म्हणजे पुढच्या कमलाबाई गोखले, चंद्रकांत गोखल्यांच्या आई आणि विक्रम गोखल्यांच्या आजी. चांगल्या घरच्या बायकांनी सिनेमात जाऊ नये असे ज्या काळी लोक उघड म्हणत, त्या काळची ही गोष्ट.

आणि पडद्यावरची बाई काही मुकाट्याने रडणारीच होती असेही नाही. १९३७ साली प्रभातचा 'कुंकू' आला. शांताराम बापूंनी तो काढला आणि शांता आपटे यांनी त्यात नीरेचे काम केले. म्हाताऱ्या बिजवराशी लावून दिलेले लग्न ही पोरगी मनाने मान्य करीत नाही. नव्वद वर्षे होत आली त्याला. १९८२ साली जब्बार पटेलांच्या 'उंबरठा'मध्ये स्मिता पाटीलने घराबाहेर पाऊल टाकले. अशा बायका आपल्या सिनेमात होत्या. पण गर्दी कोणत्या बाईला झाली? गर्दी झाली ती १९९१ साली, 'माहेरची साडी'ला.

आता हसू नका. तुमच्यापैकी निम्म्या जणींनी तो पाहिला आहे, आणि त्यातल्या निम्म्या जणींनी दोनदा पाहिला आहे. विजय कोंडके यांचा हा सिनेमा. अलका कुबल सोसते आहे, उषा नाडकर्णी यांची सासू छळते आहे, आणि थेटरात बायकांच्या पदराला पाण्याची धार लागली आहे. आपल्या गावातल्या जुन्या थेटरात दुपारच्या खेळाला आजूबाजूच्या वाड्यावस्त्यांवरून बायका येत. शिकलेल्या मंडळींनी त्या वेळी ह्या सिनेमाची पुष्कळ टवाळी केली. मला ती टवाळी तेव्हाही आवडली नाही. घरात रडायला जागा नसते, भगिनींनो. स्वयंपाकघरात रडावे तर "काय झाले?" म्हणून विचारणारे दहा आणि ऐकून घेणारे कुणी नाही. थेटरात काळोख असतो, शेजारची बाईही रडत असते, आणि कुणी कारण विचारीत नाही. सिनेमा कसा का असेना, त्या काळोखाला किंमत होती. माझी तक्रार निराळी आहे. त्या बाईचा दिवस सोसण्यात गेला आणि शेवटी ती मेली. तिच्यापुढे दुसरा रस्ता असू शकतो हे सिनेमाने एकदाही सुचवले नाही. आपण डोळे पुसून घरी आलो आणि कुकर लावला.

ह्यानंतर मी एकदम बत्तीस वर्षे पुढे उडी मारते. मधल्या काळात 'श्वास' आला. 'श्यामची आई'नंतर सुवर्णकमळ मिळवणारा तो पहिला मराठी चित्रपट. पुष्कळ चांगले सिनेमे आले, पण वेळेचे बंधन आहे. २०२१ साली करोनाची टाळेबंदी सैल झाली आणि थेटरे निम्म्या खुर्च्यांवर उघडली. तेव्हा नोव्हेंबरात हेमंत ढोमे यांचा 'झिम्मा' लागला. सात बायका सहलीबरोबर इंग्लंडला जातात, इतकीच गोष्ट. आणि ३० जून २०२३ रोजी केदार शिंदे यांचा 'बाईपण भारी देवा' आला. एकमेकींशी धड न बोलणाऱ्या सहा बहिणी मंगळागौरीच्या स्पर्धेसाठी एकत्र येतात. रोहिणी हट्टंगडी, वंदना गुप्ते, सुकन्या मोने, शिल्पा नवलकर, सुचित्रा बांदेकर आणि दीपा परब. सहाही जणी वयाने जाणत्या, आणि नायक असा कुणी नाहीच. असा सिनेमा चालेल असे धंद्यातल्या किती जणांना वाटले असेल? पण बायका गटागटाने गेल्या, नऊवारी नेसून गेल्या, नथी घालून गेल्या, आणि थेटरात नाचल्या.

आपणही गेलो होतो. आपल्या गावातले थेटर बंद होऊन किती वर्षे झाली हे तुम्ही जाणताच. तिथे आता गोडाऊन आहे. जिल्ह्याच्या गावाला एस.टी.ने सवा तास. पण त्याच वर्षी १७ मार्चपासून एस.टी.त बायकांना अर्धे तिकीट झाले होते, आणि पंचाहत्तरी ओलांडलेल्यांना तर त्याआधीच पूर्ण प्रवास मोफत झाला होता. माझे तर मत आहे की ह्या सिनेमाच्या यशात त्या अर्ध्या तिकिटाचाही थोडा हात असावा! आपण एकोणीस जणी होतो. कंडक्टर म्हणाला, "लग्नाला का?" तेव्हा मागच्या बाकावरून कुणीतरी उत्तर दिले, "नाही, सुटकेला."

आता मत सांगते. सिनेमा मला आवडला. त्या बहिणींची भांडणे खरी आहेत. कोण कुणाला काय बोलली हे वीस वीस वर्षे लक्षात ठेवणे हा आपला गुण त्यांनी नेमका पकडला आहे. पण शेवट मला फार सोयीचा वाटला. जन्मभराच्या गाठी इतक्या पटापट सुटत नाहीत. 'झिम्मा'तही तेच. सुहास जोशींची आजी मला फार आवडली, पण सगळा वेळ माझ्या मनात येत होते की ह्या सात जणी इंग्लंडात फिरताहेत, तेव्हा घरी स्वयंपाक कोण करते आहे? आपण दोन दिवस माहेरी जायचे म्हटले तर चार दिवस आधीपासून चिवडा, चटणी, निवडलेली भाजी आणि गॅसवाल्याचा नंबर असा सगळा पसारा मांडावा लागतो. तो पसारा कुठल्याच सिनेमात दाखवीत नाहीत. तो दाखवला तर मध्यंतरापर्यंत विमान उडणारच नाही.

पण त्या सहलीतली खरी गोष्ट पडद्यावर घडली नाही. ती आपल्या इथे, ह्याच सभागृहात घडली. 'बाईपण' पाहून आल्यावर सगळ्यांना मंगळागौरीचा उत्साह चढला. श्रावणात आपण खेळ ठेवले. आपल्यातल्या एक काकू, नाव घेतले तर त्या रागावतील, आपल्याबरोबर सिनेमाला आल्या होत्या. त्याआधी त्यांनी थेटरात पाहिलेला शेवटचा सिनेमा 'माहेरची साडी' होता. मधल्या काळात यजमान गेले, आणि मग "आता सिनेमा कसला" म्हणून त्या गेल्या नाहीत. खेळांच्या दिवशी त्या वेळेवर आल्या, पण दाराशी खुर्ची घेऊन बसल्या. "तुम्ही खेळा, मी बघते," म्हणाल्या. कुणी काही म्हटले नव्हते. कुणी म्हणावेच लागत नाही, इतके ते आपल्या अंगात मुरलेले आहे. कोणी फुगडीत उतरावे आणि कोणी दाराशी बसावे, हे न सांगता प्रत्येकीला ठाऊक असते.

मे २०२२ मध्ये कोल्हापूर जिल्ह्यातल्या हेरवाड गावाने ग्रामसभेत ठराव केला, की नवरा गेल्यावर बाईचे कुंकू पुसणे, बांगड्या फोडणे ह्या प्रथा गावात बंद. एका खेड्याने हे केले. आपण तर महिला मंडळ म्हणवतो. त्या दिवशी आपल्या अध्यक्षीणबाईंनी ठराव वगैरे काही मांडला नाही. त्या उठल्या, काकूंपुढे जाऊन उभ्या राहिल्या आणि म्हणाल्या, "मला पिंग्याला जोडीदारीण नाही. माझ्या वयाची तुम्हीच आहात." काकू उठल्या. त्यांचा पिंगा ज्यांनी पाहिला त्यांना मी निराळे काय सांगू? आपल्यापैकी दोघी-तिघी त्या वेळी नाराज होऊन आत चहा करायला गेल्या, हेही मला ठाऊक आहे. त्या आजही इथे बसल्या आहेत, ह्याचा मला आनंद आहे. ह्या बाबतीत सिनेमाने इतकेच केले, की आपल्याला एका एस.टी.त बसवले. पुढचे आपल्याला करावे लागले.

आता दुसरा सिनेमा. हा आपण थेटरात पाहिला नाही, घरी टीव्हीवर पाहिला. फेब्रुवारी २०२५ मध्ये आरती कडव ह्या दिग्दर्शिकेचा 'मिसेस' हा हिंदी चित्रपट आला. मूळ चित्रपट मल्याळी. जिओ बेबी यांचा, २०२१ सालचा, 'द ग्रेट इंडियन किचन' नावाचा. नव्या सुनेचा दिवस स्वयंपाकघरात सुरू होतो आणि तिथेच संपतो. सासरेबुवांना चटणी मिक्सरवरची चालत नाही, दगडावर वाटलेलीच लागते. कुणी मारीत नाही, कुणी ओरडत नाही. "बेटा, बेटा" म्हणून गोड बोलून सगळे काम होते. 'माहेरची साडी'तली सासू ओळखायला सोपी होती. हा गोड बोलणारा सासरा ओळखायला कठीण आहे.

आमच्या घरी मी, मुलगा आणि सूनबाई असे तिघांनी मिळून हा सिनेमा पाहिला. आमची चटणी मिक्सरवरच होते, म्हणून मी निर्धास्त होते. पण मला स्वतःला त्यातल्या सुनेपेक्षा सासूच जास्त लक्षात राहिली. ती चांगली शिकलेली बाई आहे, आणि तिचे शिक्षण त्या घरात फक्त पाहुण्यांना सांगण्यापुरते उरले आहे. तिच्यावर कुणी सिनेमा काढला नाही. पुरुष जरा एकाच रंगाने रंगवले आहेत, असे माझ्या मुलाने मत दिले. त्यात तथ्य आहे. पण मोरीत तुंबलेले पाणी आणि खरकटे दाखवले आहे, ते मात्र कुणाला खोटे म्हणता येणार नाही. त्या दिवशी कुणी फारसे बोलले नाही. दुसऱ्या दिवशी सूनबाई म्हणाली, "आई, आजपासून पोळ्या करून डब्यात ठेवू आणि सगळे एकदम बसू." तेव्हापासून आमच्याकडे तव्यावरची पोळी ताटात पडत नाही. पोळी थोडी गार असते, पण घरातली गरमागरमी कमी झाली आहे. शिवाय जेवताना सून काय बोलते, कशावर हसते, हे मला रोज ऐकायला मिळते. ते पूर्वी मला तिच्या पाठीवरून ओळखावे लागत असे.

घरगुती सिनेमे झाले, आता तलवारीचे पाहू. फेब्रुवारी २०२५ मध्येच लक्ष्मण उतेकर यांचा 'छावा' आला. शिवाजी सावंतांच्या कादंबरीवरचा. आपल्या गावातून ट्रॅक्टर भरभरून मुले तो पाहायला गेली, आणि रडून आली. विकी कौशलने काम जीव ओतून केले आहे, शेवट पाहवत नाही. सिनेमा लागण्यापूर्वीच लेझीम खेळण्याच्या एका दृश्यावरून वादंग झाला आणि ते दृश्य काढून टाकले. त्या वादात मी पडत नाही. माझी तक्रार येसूबाईंची आहे. पडद्यावरच्या येसूबाईंचा दिवस कसा जातो? औक्षण करण्यात, वाट पाहण्यात आणि डोळ्यांत पाणी आणण्यात. अहो, ह्या बाईंच्या नावाने राज्याचा शिक्का होता! 'श्री सखी राज्ञी जयति' अशी मुद्रा संभाजी महाराजांनी त्यांना दिली होती. १६८९ साली महाराज गेल्यावर रायगडाला वेढा पडला असताना राजाराम महाराजांनी गडाबाहेर पडावे आणि राज्य राखावे, हा निर्णय घेण्याचे धैर्य ह्या बाईंनी दाखवले. गड पडला, लहानग्या शाहूराजांसह त्या मोगलांच्या कैदेत गेल्या, आणि परत आल्या त्या १७१९ साली. जवळजवळ तीस वर्षे! इतकी वर्षे शत्रूच्या छावणीत मन शाबूत ठेवून राहणे ही लढाई नव्हे काय? त्या तीस वर्षांवर कुणीतरी सिनेमा काढावा. तलवारी कमी चालतील, पण पाहणारे श्वास रोखून पाहतील. असा सिनेमा निघाला तर मी पहिल्या दिवशी पहिल्या खेळाला जाईन.

गाण्यांबद्दल बोलल्याशिवाय तरुण मुली मला खाली बसू देणार नाहीत. २०२४ साली संजू राठोड ह्या मुलाचे 'गुलाबी साडी' हे गाणे असे काही पसरले, की आपल्या बालवाडीपासून ते भजनी मंडळापर्यंत सगळ्यांनी त्याच्यावर मोबाईलसमोर नाच करून घेतला. काहींना हे थिल्लर वाटते. मला वाटत नाही. साठीची बाई साडी नेसून आरशासमोर स्वतःवर खूश होते आहे, ह्यात कुणाचे काय गेले? माझी शंका दुसऱ्या एका गाण्याबद्दल आहे. ते म्हणजे 'झिंगाट'.

'सैराट' आला २०१६ साली. नागराज मंजुळे यांनी काढला, अजय-अतुल यांचे संगीत. रिंकू राजगुरू ही मुलगी तेव्हा शाळेत होती. तिची आर्ची बुलेट चालवते, ट्रॅक्टर चालवते, आणि पळून गेल्यावर परमुलखात कारखान्यात कामालाही लागते. मराठी सिनेमातल्या कोणत्याही मुलीचा दिवस मी इतका स्वच्छ पाहिला नव्हता. आणि शेवट? त्या लहान लेकराची रक्तात उमटलेली पावले आठवली की अजून पोटात कालवते. जातीबाहेर लग्न केले म्हणून सख्ख्या भावाने केलेला तो खून. हे सगळे ज्या सिनेमात आहे, त्यातले 'झिंगाट' आज प्रत्येक वरातीत वाजते. आपण सगळ्या त्याच्यावर नाचलो आहोत. मी फक्त एक विचारते. ज्या मांडवात 'झिंगाट' वाजते, त्या मांडवात आर्ची आणि परशा जोडीने आले असते, तर आपण त्यांना पाटावर बसवले असते का? उत्तर मला देऊ नका. घरी जाऊन आपापल्या मनाला द्या. आपल्यापैकी काहींच्या घरी लग्नाच्या मुली आहेत.

'सैराट'मध्ये परक्या शहरात ह्या दोन पोरांना आसरा देणारी एक बाई आहे. डोशाची गाडी चालवणारी. ते काम छाया कदम यांनी केले आहे. ह्या नटीकडे माझे तेव्हापासून लक्ष आहे. पुढे मार्च २०२४ मध्ये किरण राव यांचा 'लापता लेडीज' आला. घुंघटामुळे आगगाडीत दोन नवऱ्यांच्या बायका बदलतात. त्यात स्टेशनावर चहाचा गाडा चालवणारी मंजूमाई म्हणजे पुन्हा छाया कदम. चुकलेल्या नवरीला ती जवळ घेते, पण फुकट खाऊ घालीत नाही. कामाला लावते, आणि तिच्या कामाचे पैसे तिच्या हातात ठेवते. त्या मुलीच्या हातात आयुष्यात पहिल्यांदा आलेले ते पैसे! शंभर भाषणांनी होणार नाही ते त्या चार नाण्यानोटांनी होते.

आणि तिसरा सिनेमा 'ऑल वी इमॅजिन ॲज लाइट'. पायल कपाडिया ह्या मुलीने काढलेला. मे २०२४ मध्ये फ्रान्समधल्या कान महोत्सवात त्याला ग्रां प्री हा मोठा मान मिळाला. तो मान मिळवणारा हा पहिला भारतीय चित्रपट. माझ्या नातीने मोबाईल टीव्हीला जोडून मला तो दाखवला. काहींना तो फार संथ वाटेल. मला नाही वाटला, कारण बायकांचे दिवस संथच असतात. त्यात छाया कदम यांनी पार्वतीचे काम केले आहे. ही रत्नागिरीकडची विधवा बाई मुंबईत एका इस्पितळात स्वयंपाक करते. ज्या चाळीत तिने संसार केला, ती पाडून बिल्डरला तिथे टोलेजंग इमारत बांधायची आहे. आणि ही बाई तिथे राहत होती ह्याचा एकही कागद तिच्यापाशी नाही. नवऱ्याने कधी काही सांगितले नाही, तिने कधी विचारले नाही. इतकी वर्षे ज्या घरात चूल पेटवली, त्या घरात ती होती हे सिद्ध करता येत नाही. शेवटी ती गाशा गुंडाळून कोकणातल्या आपल्या गावी निघून जाते.

तो सिनेमा पाहून मी रात्री कपाट उघडले आणि आमच्या घराचे कागद काढले. भगिनींनो, माझ्या आजच्या भाषणातले बाकी सारे विसरलात तरी चालेल, पण एवढे करा. आज घरी गेल्यावर विचारा, घराच्या मिळकत पत्रिकेवर कुणाचे नाव आहे? सातबाऱ्यावर कुणाचे आहे? वीजबिल कुणाच्या नावे येते? कागद कोणत्या कपाटात, कोणत्या पिशवीत आहेत? भांडण म्हणून विचारू नका, "मला ठाऊक असावे" एवढ्यासाठी विचारा. बाईच्या नावाने घर घेतले तर मुद्रांक शुल्कात एक टक्का सवलत द्यायची, असे राज्य सरकारने १ एप्रिल २०२१ पासून ठरवले. म्हणजे बाईचे नाव लावण्यात तोटा नाही, नफाच आहे, हे यजमानांना सांगायला सोपे आहे. मंडळात ह्या विषयावर एक व्याख्यान ठेवावे, आणि तलाठी कार्यालयातल्या कुणा जाणत्या बाईंना बोलवावे, अशी माझी अध्यक्षीणबाईंना विनंती आहे.

शेवटी आपल्या स्वतःच्या कामाचे. मराठी सिनेमाला थेटर मिळत नाही, म्हणून आपण नेहमी हळहळतो. २०१५ साली राज्य सरकारने मल्टिप्लेक्सवाल्यांना मराठी चित्रपटाला मोक्याच्या वेळेतला खेळ द्यायला सांगितले, त्यावरही पुष्कळ वाद झाला. पण सरकार खेळ देऊ शकते, प्रेक्षक देऊ शकत नाही. शुक्रवारी सिनेमा लागतो, रविवारपर्यंत खुर्च्या भरल्या नाहीत तर सोमवारी त्याची वेळ सकाळी नऊची होते, आणि पुढच्या शुक्रवारी तो उतरतो. आपण मात्र म्हणतो, "थोड्या दिवसांनी मोबाईलवर येईलच की." येतो खरा. पण मोबाईलवर बाई सिनेमा कसा पाहते, सांगू? एक कान कुकरच्या शिट्टीकडे, एक डोळा दाराकडे, आणि मध्यावर कुणीतरी म्हणते, "आई, चार्जर कुठे आहे?" तीन तासांचा सिनेमा चार दिवस चालतो. थेटरात गेल्यावर ते तीन तास आपले असतात.

म्हणून मी एक सूचना मांडते. आपण साड्यांची भिशी करतो, भांड्यांची करतो. एक भिशी सिनेमाची करू. महिन्याला शंभर रुपये काढायचे. तीन महिन्यांनी एक सिनेमा, वर्षाचे चार. त्यांतले दोन तरी मराठी, आणि तेही पहिल्या आठवड्यात. अर्ध्या तिकिटात एस.टी., सकाळी निघून संध्याकाळच्या दिवाबत्तीला घरी. ज्यांना शंभर रुपये जड वाटतात, त्यांचे मंडळाने भरावेत, आणि कोणाचे भरले हे चिटणीसबाईंच्या वहीबाहेर जाऊ नये. परत आल्यावर अर्धा तास इथे बसून बोलायचे. आवडला की नाही, आणि का नाही. "छान होता" एवढे म्हणून कुणालाही उठू द्यायचे नाही. आपल्याला मत आहे आणि ते चारचौघींत मांडता येते, ही सवय सिनेमापासून लागली तर पुढे ग्रामसभेतही उपयोगी पडेल.

पहिल्या सहलीसाठी दाराजवळच्या टेबलावर वही ठेवली आहे. काकूंनी आपले नाव सगळ्यांत वर लिहून ठेवले आहे. खिडकीची जागाही सांगून ठेवली आहे.